जगाच्या फेरीआधी कॅम्प दोनची फेरी

मुलगा किंवा मुलगी परदेशी नोकरीला आणि "आई-बाबा, एकदा या, सगळे जग पाहून जा" असा आग्रह, अशी घरे आता खेडोपाडीही आढळतात. तुमच्या घरी असा बेत शिजत असेल, तर आधी उल्हासनगरच्या कॅम्प नंबर दोनला एक चक्कर टाका. कल्याणहून कसाऱ्याच्या वाटेवर शहाड लागते, कर्जतच्या वाटेवर विठ्ठलवाडी आणि उल्हासनगर. कुठेही उतरा आणि रिक्षावाल्याला नेहरू चौक किंवा जपानी बाजार सांगा.

बॅगा, स्वेटर, कापड, शिवलेले कपडे, सारे इथे एका हाकेच्या अंतरावर मिळते. पूर्वी इथल्या मालावर 'मेड इन यू.एस.ए.' असे लिहिलेले असे आणि लोक हसत म्हणत, "म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन!" तेव्हा छाप पाहू नका. बॅगेची चाके फिरवून पाहा, चेन दहादा उघडून मिटा, शिवण ताणून पाहा. भाव मात्र निःसंकोच करा. न केल्यास दुकानदारालाच चुकल्यासारखे वाटेल!

पण या गावाकडून घेण्यासारखे खरे सामान वेगळेच आहे. दुसऱ्या महायुद्धात येथे कल्याणची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेले सुमारे लाखभर निर्वासित तिच्या बराकींत उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. 'कॅम्प' हा शब्द मात्र लोकांच्या तोंडातून आजही गेलेला नाही.

गंमत पाहा. याच समाजातले हैदराबाद-सिंधचे व्यापारी एकोणिसाव्या शतकापासून जगभर फिरत होते. त्यांना 'सिंधवर्की' म्हणत. जपानपासून पनामापर्यंत त्यांच्या पेढ्या होत्या. नोकर मंडळी ठरावीक मुदतीचा करार करून जात, बायका-मुले गावी राहत. जाण्याचा दिवस, येण्याचा दिवस, घरखर्चाची सोय, सारे आधी ठरलेले असे.

१९४७ साली मात्र निघायला उसंतच मिळाली नाही. थोड्याच दिवसांत परतू, या समजुतीने कित्येकांनी दाराला कुलूप घातले आणि किल्ली बरोबर घेतली. पुढे १९५० च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे नोंदवायची वेळ आली, तेव्हा कागदांना मोल आले. ज्याच्या गाठोड्यात भांड्यांबरोबर खरेदीखत होते, त्याचे म्हणणे मांडणे सोपे गेले.

म्हणून वाचकहो, बॅग भरण्याआधी कागद भरा. पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यानंतरही सहा महिने उरेल असे पाहा. वाटेतल्या देशांसाठी कोणकोणते व्हिसा लागतात, त्यांची यादी करा. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराच्या देशांत जायचे असेल, तर त्याची लस निदान दहा दिवस आधी घ्या. तिचा दाखला परत येताना भारतातही मागतात. कागदांच्या दोन प्रती काढा: एक बॅगेत, दुसरी घरी विश्वासू माणसाकडे.

शेतकऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावे. लेकीसाठी म्हणून बियाणे, आंबे किंवा हळकुंडे बॅगेत कोंबू नका. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये तर बुटाला लागलेली मातीसुद्धा खपवून घेत नाहीत. बूट धुऊन, घासून न्या आणि विचारले तर खरे सांगा. लपवले तर दंड होतो.

आता घरचे. रब्बी निघाल्यावर फाल्गुन-चैत्रात निघून मृगाच्या आत परतणे सोयीचे. मागे दुभत्या जनावरांना कोण पाहील, विहिरीवरची मोटार कोण चालवील, पीककर्जाचा हप्ता कोणत्या तारखेला आहे, हे पोरांच्या भरवशावर न सोडता वहीत लिहून ठेवा. सही करण्याचा अधिकार कोणाला द्यायचा असेल, तर कुलमुखत्यारपत्र वकिलाकडून नीट करून घ्या. त्यात नेमके कोणते काम आणि किती मुदत, हे स्पष्ट असू द्या. मोघम कागदाने भावाभावांत वैर आल्याची उदाहरणे प्रत्येक तालुक्यात सापडतील.

एवढे झाले, की खुशाल जा. पूर्वेकडे निघून पॅसिफिक ओलांडलात तर वाटेत एकच दिवस दोनदा येतो, त्याचीही मजा घ्या! जग पाहायला जाणाऱ्याच्या किल्लीला परत येऊन उघडायला आपले दार असावे, यासारखे भाग्य नाही. कॅम्प दोनच्या जुन्या माणसांना त्याचे मोल विचारा.