उरुळी कांचनच्या वाटेवर गुलाबाची पारख

पुण्याहून सोलापूरकडे निघालेला महामार्ग हडपसरची गर्दी मागे टाकून लोणी काळभोरच्या पुढे गेला की रस्त्याच्या कडेला रोपवाटिकांच्या पाट्या दिसू लागतात. पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या उरुळी कांचनपर्यंत त्या आपली सोबत करतात. या गावाचे नाव देशभर झाले ते १९४६ साली महात्मा गांधींनी येथे सुरू केलेल्या निसर्गोपचार केंद्रामुळे. रोपवाटिकांचा व्यवसाय मात्र येथे का रुजला, हे व्यापारी माणसाला सांगावे लागू नये. खडकवासल्याहून येणारे कालव्याचे पाणी, दाराशी महामार्ग आणि हाकेच्या अंतरावर पुण्यासारखी बाजारपेठ, एवढे जुळून आल्यावर धंदा उभा राहणारच.

दिवाळी सरली की येथे रविवारी मोटारींची रांग लागते. नोकरीत असताना या रस्त्याने अनेकदा गेलो, पण उतरून पाहण्याची सवड निवृत्तीनंतरच मिळाली. गेली काही वर्षे हिवाळ्यात एक-दोन फेऱ्या ठरलेल्या असतात. त्या फेऱ्यांत एक गोष्ट सतत दिसते. आंबा, चिकू घेणारी माणसे चौकशी करून रोप घेतात. गुलाब घेणारे मात्र फूल पाहतात आणि पैसे देतात. कार्तिकात फुलांनी लगडलेले ते रोप पुढच्या श्रावणापर्यंत काडी होऊन उभे असते. मग घरात निर्णय होतो, “आमच्याकडे गुलाब लागत नाही.” दोष मातीला, पाण्याला, क्वचित सुनेच्या हातगुणालाही दिला जातो. कापड चिमटीत धरून पाहिल्याशिवाय आणि धान्य तळहातावर घेतल्याशिवाय सौदा न करणारी आपली माणसे गुलाबाच्या बाबतीत एवढी भोळी का होतात, याचे नवल वाटते.

बाजारात मिळणारा बहुतेक गुलाब हे वस्तुतः दोन झाडांचे एकत्र कुटुंब असते. खाली मुळांसाठी काटक जातीचा खुंट असतो. त्याच्या सालीला इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा छेद देऊन आत हव्या त्या जातीचा डोळा बसवतात आणि पट्टीने बांधतात. यालाच डोळा भरणे म्हणतात. डोळा फुटून वाढू लागला की खुंटाचा वरचा भाग छाटून टाकतात. फूल वरच्याचे, पण अन्नपाणी खालच्याचे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर खुंट हे मुद्दल आणि फूल हे व्याज. केवळ व्याजाचा दर पाहून ठेव ठेवणाऱ्याचे जे होते, तेच केवळ फूल पाहून रोप घेणाऱ्याचे होते.

उरुळीतील एका रोपवाटिकेचे वयस्क मालक ही पारख फार थोड्या शब्दांत शिकवतात. फुलाकडे वळलेल्या गिऱ्हाइकाला ते म्हणतात, “काका, फूल शेवटी बघा. आधी खाली वाका.” वाकल्यावर पाहायचे ते एवढे. डोळ्याचा सांधा भरलेला, घट्ट असावा. तेथे चीर किंवा काळसर डाग नसावा. सांध्याच्या वरून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या किमान दोन-तीन फांद्या निघालेल्या असाव्यात. पिशवीच्या तळातून मुळांचे जुडगे बाहेर आले असेल तर रोप फार दिवस तेथेच अडकले आहे असे समजावे. पान उलटून पाहावे. मागच्या बाजूस बारीक जाळी किंवा पांढरी भुकटी दिसली तर ते रोप घरी नेऊ नये. एवढे सारे जमले की मग फूल पाहावे. एखादे फूल उमललेले असणे चांगलेच, कारण चिठ्ठीवरचे चित्र आणि पिशवीतले रोप यांची नेहमीच गाठ पडते असे नाही.

सांध्याच्या खालून निघणारा फुटवा हा खुंटाचा असतो. तो जोमाने वाढतो, म्हणून पाहणाऱ्याला आनंद होतो. पण वर्षभरात तो वरच्या जातीचे अन्न खाऊन टाकतो आणि मग “गुलाबाचा रंग बदलला” अशी तक्रार येते. सात पानांची डहाळी म्हणजे जंगली, असा एक समज आहे. तो पूर्ण भरवशाचा नाही, कारण काही उत्तम जातींनाही सात पाने येतात. फुटवा कोठून निघाला हे पाहावे आणि सांध्याखालचा असेल तर मुळापाशी सोलून काढावा. याच कारणासाठी लावताना सांधा मातीच्या वर दोन बोटे ठेवतात.

दुसरा प्रश्न जातीचा. आज ज्याला आपण गुलाब म्हणतो तो ‘हायब्रिड टी’ वर्ग युरोपात घडला. फ्रान्समधील ‘ला फ्रान्स’ या १८६७ च्या जातीपासून त्याचा आरंभ मानतात. साहजिकच यातील असंख्य जाती थंड हवेत वाढवून, थंड हवेसाठीच निवडलेल्या आहेत. भारतात या प्रश्नाकडे गंभीरपणे पाहणाऱ्यांत डॉ. बी. पी. पाल यांचे नाव आदराने घेतले जाते. गव्हावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले आणि १९६५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झालेले हे शास्त्रज्ञ फावल्या वेळात गुलाबाच्या नव्या जाती तयार करीत. ‘डॉ. होमी भाभा’ हा त्यांचा पांढरा गुलाब प्रसिद्ध आहे. पुढे भारतीय प्रशासकीय सेवा सोडून कोडाईकनालला स्थायिक झालेले एम. एस. विराराघवन यांनी ‘रोझा क्लिनोफायला’ आणि ‘रोझा जायगँटिया’ या भारतातील रानटी गुलाबांचा संकर करून उष्ण हवेला मानवणाऱ्या जाती घडवल्या. सरकारी कामाचा व्याप सांभाळून जोपासलेला छंद कोठवर नेता येतो, याची ही दोन उदाहरणे आम्हा निवृत्तांना धीर देणारी आहेत.

घरच्या बागेसाठी निवड करताना मोठ्या फुलाचा मोह प्रथम आवरावा. ‘आइसबर्ग’ हा १९५८ चा पांढरा फ्लोरिबंडा झुपक्यांनी फुलतो आणि नवशिक्याला सांभाळून घेतो. ‘क्वीन एलिझाबेथ’ ही १९५४ ची गुलाबी जात उंच व काटक आहे. तिला जमिनीत जागा द्यावी. लाल रंगात ‘ग्लॅडिएटर’ आपल्याकडे वर्षानुवर्षे टिकून आहे. सदनिकेच्या सज्जात चार-पाच तासच ऊन येत असेल तर मिनिएचर गुलाब आठ इंची कुंडीतही समाधानाने राहतो. हायब्रिड टीला मात्र किमान बारा इंची कुंडी आणि सहा तासांचे ऊन हवे. ऊन नसेल तर गुलाबाचा नाद सोडून दुसरे काही लावावे, हे स्पष्ट सांगितलेले बरे. जाती प्रत्यक्ष पाहायच्या असतील तर पुण्यातील एम्प्रेस गार्डनचे जानेवारीच्या अखेरीस भरणारे पुष्पप्रदर्शन चुकवू नये. तेथे आवडलेल्या जातीचे नाव वहीत टिपून मग उरुळीची वाट धरावी.

गुलटेकडीच्या फूलबाजारातील लांब दांड्याच्या गुलाबांवरून मात्र निवड करू नये. तळेगाव, मावळ भागातील हरितगृहांत वाढलेली ‘टॉप सिक्रेट’, ‘ताजमहल’ यांसारखी फुले प्रवासात टिकावीत, फुलदाणीत आठवडाभर उभी राहावीत, यासाठी निवडलेली असतात. त्या निवडीत सुगंध मागे पडला. हरितगृहात त्यांना मोजून पाणी व खत मिळते; अंगणातील ऊन-पावसात त्यांची अवस्था लाडावलेल्या मुलासारखी होते.

रोप घरी आल्यावर आठ दिवस सावलीत, मग उन्हात ठेवावे आणि नंतरच कुंडी बदलावी. पुण्या-सोलापूरकडची काळी माती चुनखडीची असते. तिच्यात गुलाबाची पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून पोयटा माती आणि पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मिसळून, तळाशी निचऱ्याची सोय करावी. येथे आपल्या वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. गुलाबाचे तयार खत म्हणून जे मिश्रण विकतात त्यात बहुधा हाडांचा चुरा असतो. घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. चुनखडीच्या मातीत तो चुरा नीट लागूही पडत नाही, त्यामुळे तो टाळल्याने काही बिघडत नाही. निंबोळी पेंड आणि शेणखत यांवर गुलाब उत्तम पोसतो. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात छाटणी केली की साधारण दीड-दोन महिन्यांत फुले धरतात.

फवारणीचा प्रश्नही आपल्या घरांत केवळ खर्चाचा नसतो. जेथे पाणी गाळून घेण्याची रीत आहे, तेथे विषारी औषधाची बाटली हातात घेताना मन कचरतेच. रोप रोगट होऊच नये, अशी व्यवस्था आधी केलेली बरी. काटक जात निवडावी. दोन कुंड्यांत हात-दीड हात अंतर सोडावे, म्हणजे वारा खेळतो. पाणी सकाळी आणि मुळाशी द्यावे, कारण पान कित्येक तास ओले राहिले की काळ्या ठिपक्यांचा रोग बळावतो. गळलेली रोगट पाने रोज उचलावीत. निवड नीट झाली तर बाटलीची वेळ फार क्वचित येते.

गेल्या हिवाळ्यातील फेरीत आमच्या शेजारच्या सत्तरीच्या भाभी सोबत होत्या. रविवार पेठेतील त्यांचा वाडा पुनर्विकासाला जायचा होता. चौकातल्या विहिरीजवळ सासूबाईंनी लावलेला गावठी गुलाब होता. त्याच्या पाकळ्यांचा गुलकंद दर उन्हाळ्यात बरणीत घालून उन्हात ठेवला जाई. नव्या घराच्या सज्जासाठी तसाच गुलाब त्यांना हवा होता. मालकांनी दाखवलेल्या प्रत्येक फुलाचा त्यांनी वास घेतला आणि प्रत्येक वेळी मान हलवली.

शेवटी मालक म्हणाले, “मावशी, तो आता पिशवीत येत नाही. गिऱ्हाईक फूल पाहून घेतं आणि तो हात लागला की पाकळ्या टाकतो. कोण घेणार? वाडा अजून उभा आहे ना?”

“आहे. पुढच्या महिन्यापर्यंत.”

“मग मला कशाला विचारता? उद्याच काड्या लावा.”

त्यांनी रीतही सांगितली. फुलून गेलेल्या फांदीची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरपा द्यावा. वरची दोन पाने ठेवून बाकीची काढावीत, दोन डोळे वाळूमिश्रित मातीत पुरावेत आणि सावलीत ओल टिकवावी. चार ते सहा आठवड्यांत मुळे धरतात. असे रोप स्वतःच्याच मुळांवर उभे असते. त्याला खुंट नसतो, म्हणून खालून फुटलेली प्रत्येक फांदीही त्याच गुलाबाची असते.

भाभींनी बारा काड्या लावल्या, पाच जगल्या. वाडा ठरल्याप्रमाणे पाडला गेला, विहीरही बुजली. पाचांपैकी दोन रोपे त्यांच्या सज्जात आहेत, एक बार्शीला दिलेल्या मुलीकडे गेले, एक धाकट्या जावेकडे आणि एक आमच्याकडे. आमच्या रोपाला अद्याप दोनच फुले आली आहेत. सकाळी दार उघडले की वास आतपर्यंत येतो.

आपल्यापैकी अनेकांची पेठेतील, गावाकडील जुनी घरे आज अशाच उंबरठ्यावर उभी आहेत. तिजोरी, दस्तऐवज, देवघर यांची यादी आपण न चुकता करतो. त्या यादीत चौकातल्या गुलाबाचीही एक ओळ असू द्यावी, आणि करारावर सही होण्याआधी दहा-बारा काड्या मातीत गेलेल्या असाव्यात.