कार्व्हरचा अर्धा धडा

पुस्तकाच्या पहिल्या पानावरच्या शिक्क्यात अजून ‘जि. अकोला’ आहे. अकोल्यातून आमचा वाशीम जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ रिसोड तालुक्यातल्या आमच्या शाळेत त्याआधीच आलं होतं. सातवीत ते मला बक्षीस मिळालं.

तेव्हा मी सुरुवातीचाच भाग पुन्हा पुन्हा वाचायचो. चोरांनी पळवलेलं, एका घोड्याच्या बदल्यात परत मिळालेलं तान्हं पोर. लोकांची धुणी धुऊन शिकणारा जॉर्ज कार्व्हर. पुढे १८९६ मध्ये तो अमेरिकेतल्या अलाबामात, टस्कीगीला शिकवायला जातो आणि माती, खत, भुईमूग सुरू होतं. ती पानं मी भराभर उलटायचो. सुटीच्या दिवशी वावरात डवऱ्यामागं चालायचं, आणि पुस्तकातही तेच?

२०२४ च्या दिवाळीत गावी गेलो. ओसरीत सोयाबीनचे कट्टे रचलेले. हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये, बाजारात चार हजारांच्या आसपास. त्या कट्ट्यांना टेकून मी पुस्तक उघडलं आणि या वेळी नेमकी ती उलटलेली पानं वाचली. वर्षानुवर्षं कापूसच पेरून अलाबामाची जमीन दमली होती. कार्व्हर सांगत होता, पालट करा, भुईमूग घ्या, चवळी घ्या. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात. त्या गाठी मी पाहिल्या होत्या. फुलावरचं सोयाबीन उपटून बाबांनी एकदा गाठ नखानं फोडली होती; आत लालसर.

आमच्याकडेही कापसाची पराटी गेली, सोयाबीन आलं. ज्वारी, मूग, उडीद बांधाकडे सरकले. पालट झाली ती एकदाच. आता दर खरिपाला सोयाबीनच.

हे बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “पेराचं त समजलं. इकाचं कसं, थे सांगते का तुहा कार्व्हर?”

सांगतो. भुईमुगाचे ढीग लागले आणि गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा शेतकरी त्याच्यावरच चिडले. तो प्रयोगशाळेत शिरला आणि त्यानं शेंगदाण्यापासून तीनशेवर वस्तू करून दाखवल्या. पीक बदला म्हणणाऱ्यानं त्या पिकाच्या विक्रीची वाटही काढून द्यायची असते, हे त्याला कळलं होतं. आम्हाला पीक बदलायला सांगणारे पुष्कळ भेटले. त्यांनी कार्व्हर अर्धाच वाचला असावा, सातवीतल्या माझ्यासारखा.