अकरा मुलं आणि एक किटबॅग

मुंबईत सीएसएमटी स्टेशनातून बाहेर पडलात की समोर महापालिकेची इमारत दिसते. तिच्या पलीकडे आझाद मैदान. पावसाळा संपल्यावर एखाद्या सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन बघा. एकाच मैदानावर तब्बल २२ खेळपट्ट्या! एका सामन्याचा मिडऑन दुसऱ्या सामन्याच्या पॉइंटला पाठ लावून उभा असतो. ‘कॅच!’ अशी आरोळी आली की निदान तीन सामन्यांतली मुलं वर बघतात. आणि या सगळ्या गर्दीतून, मधल्या पायवाटेने, ऑफिसची माणसं डबे घेऊन आरामात चाललेली असतात.

मैदानाच्या दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना आहे. भारतातला पहिला कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये तिथेच झाला. लाला अमरनाथ यांनी त्यात ११८ धावा काढल्या. पण आज मला सांगायचंय ते या बाजूच्या, शाळेच्या मुलांच्या क्रिकेटबद्दल.

मुंबईतल्या शाळांसाठी ‘हॅरिस शील्ड’ नावाची स्पर्धा आहे. लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांच्या नावाची. लहान मुलांसाठी वेगळी ‘गाइल्स शील्ड’. शंभर वर्षांहून जुनी परंपरा ही! या स्पर्धेत नावाजलेल्या शाळा उतरतात, तशाच कुणी नावही न ऐकलेल्या शाळा उतरतात. आमची शाळा दुसऱ्या प्रकारातली.

आम्ही लालबागचे. साल १९८६. शाळेला मैदान नव्हतंच, होतं ते सिमेंटचं अंगण. त्यात प्रार्थना व्हायची, पी.टी. व्हायची आणि पाण्याचा पिंपही तिथेच. सराव संध्याकाळी चाळींमधल्या गल्लीत, रबरी बॉलने. नियम कडक. बॉल गॅलरीत गेला की आऊट. काच फुटली की आऊट, आणि वर मारही! डाव्या-उजव्या हाताला भिंती, म्हणून मारायचं ते सरळच. आमच्या संघातली सगळी मुलं छान सरळ बॅटने खेळायची. कट आणि हूक आम्हाला कुणालाच येत नव्हते, कारण गल्लीत तेवढी रुंदीच नव्हती!

शाळेच्या किटबॅगेत दोन बॅटी, पॅडच्या दोन जोड्या आणि कीपरची एक जोडी. दोन फलंदाज आत गेले की पुढच्याला बांधायला पॅडच नाहीत. एखादा आऊट झाला की धावतच बाहेर यायचा. आम्ही तिघं-चौघं त्याच्यावर तुटून पडायचो. एकाने डावा पट्टा सोडायचा, दुसऱ्याने उजवा, तिसऱ्याने ग्लोव्हज काढायचे. शून्यावर आऊट झालेल्याला दुःख करायलाही वेळ मिळत नसे.

खरी पंचाईत मात्र सामानाची नव्हती, मुलांची होती. दहावीतल्यांना घरून बंदी. उरलेल्यांतून सीझन बॉलला न घाबरणारे मोजून अकरा. त्यातला एकच कीपर. त्याचे वडील गिरणी कामगार होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले कितीतरी पुन्हा आत गेलेच नाहीत. कीपरच्या वडिलांनी मग फळांची हातगाडी लावली. सकाळी ते क्रॉफर्ड मार्केटला माल आणायला जात आणि गाडीवर बसायचा आमचा कीपर. त्यामुळे तो शाळेलाच उशिरा यायचा, मग मॅचला दोन दिवस कुठून मिळणार?

आमचे पी.टी.चे सर त्यांच्या गाडीवर गेले.

“दोनच दिवस द्या हो पोराला.”

“सर, गाडी कोण बघणार? आणि हरलात तर?”

“हरणार तर आहोतच,” सर म्हणाले. “पण दहा जण घेऊन कसं हरायचं?”

वडील हसले. गाडी दोन दिवस त्याच्या आईने बघितली.

करी रोडहून सकाळची स्लो लोकल पकडली. चिंचपोकळी, भायखळा, सँडहर्स्ट रोड, मशीद आणि व्हीटी. तेव्हा सीएसएमटीला व्हीटी म्हणत. किटबॅग दोघांनी दोन बाजूंनी धरलेली. समोर दादरकडची मोठी शाळा. त्यांच्या प्रत्येकाची स्वतःची बॅग! त्यांनी दिवसभर आम्हाला पळवलं. चार वाजता डाव घोषित केला तेव्हा आमच्या पायांत गोळे आले होते. मोकळ्या मैदानात बॉल केवढा लांब जातो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोनदा बॅटिंग केली, म्हणजे करावी लागली. डावाने हरलो. पण दुसऱ्या डावात आमचा कीपर तासभर हलला नाही. गल्लीतली सरळ बॅट, दुसरं काही नाही. मधल्या पायवाटेवर डोक्यावर फळांची पाटी घेतलेला एक माणूस बराच वेळ उभा होता. आम्ही त्यांना ओळखलं, पण कीपरला कुणी सांगितलं नाही. उगाच त्याचं लक्ष गेलं असतं.

याच मैदानावर फेब्रुवारी १९८८ मध्ये शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. हे तुम्हाला पाठ असेल. पण समोर बॉल टाकत होतं कोण? त्यात साईराज बहुतुले नावाचा एक मुलगा होता. त्याचीही धुलाई झाली. पुढे तो मुंबईचा कर्णधार झाला आणि २००१ मध्ये भारताकडून कसोटी खेळला. मला तर त्या भागीदारीच्या गोष्टीत सगळ्यात जास्त त्याचंच कौतुक वाटतं.

आता लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल उभे आहेत. आमच्या गल्लीत गाड्या लागतात. स्लो लोकल मात्र अजून करी रोडला थांबते. एखाद्या रविवारी आईबाबांना घेऊन मैदानावर जा. धावफलक नंतर बघा. आधी कडेला बघा, कुठला संघ आऊट झालेल्याचे पॅड सोडायला धावतोय ते. सापडला की तिथेच बसा.