श्वासाचे स्वल्पविराम

अलीकडे माझ्या बोलण्यात स्वल्पविराम फार वाढले आहेत. वर्गात मेकॉलेचे लांबलचक वाक्य मी एका दमात म्हणत असे. आता त्याच वाक्यात मला दोनदा थांबावे लागते. विद्यार्थ्यांना ते वक्तृत्व वाटते! वस्तुतः माझ्या फुप्फुसांत वण पडून ती ताठर होत चालली आहेत, असे डॉक्टरांचे निदान आहे.

ही व्याधी मोठी कावेबाज. कोरडा खोकला आणि चढावर लागणारी धाप, एवढेच बहुधा तिचे बोलणे. त्यातही मनुष्य नकळत तडजोड करतो. जिना टाळतो, बाजाराची पिशवी दुसऱ्याच्या हाती देतो, आणि धाप लागत नाही म्हणून समाधान मानतो. म्हणून 'काय होते?' यापेक्षा 'काय करावयाचे सोडले?' हा प्रश्न मला अधिक सूचक वाटतो. तो पत्नीस विचारावा. उत्तर खरे मिळते.

मुंबईकर या बाबतीत कबुतरांना दोष देतात. आमच्या वाशीमकडे उन्हाळ्यात घरोघरी कूलर घरघरतो. पूर्वी दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडीत. आता वाळा पत्र्याच्या पेटीत बसला आहे, आणि तो ओलाच राहिला तर त्यावर बुरशी धरते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नोंदणीत अशा फुप्फुसविकारांचे १०८४ रुग्ण होते. त्यांतील सुमारे निम्म्यांचा विकार श्वासावाटे गेलेल्या सूक्ष्म कणांच्या वावड्याचा ठरला, आणि त्यात कूलरचा निर्देश ठळक होता. आमचा कूलर यंदा चैत्रातच माळ्यावर गेला. ४४ अंशांच्या उन्हात घरच्या मंडळींना हे फार जड गेले.

बोटाला लावायचे ऑक्सिमीटर बसल्या जागी ९६ दाखवते. तेच सहा मिनिटे चालून आल्यावर ८९ दाखवू शकते. खरी बातमी दुसऱ्या आकड्यात असते. म्हणून मी दोन्ही आकडे वहीत मांडतो. वाट तीच, वेळ तीच, बोट गार असेल तर आधी चोळून ऊब आणलेले. दोन नखे पाठीला पाठ लावली, की मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराची फट दिसते. ती बुजू लागणे हीही एक खूण. लिओ शॅमरॉथ या दक्षिण आफ्रिकेतील हृदयरोगतज्ज्ञाने १९७६ साली ती, निराळ्या दुखण्यात, स्वतःच्याच बोटांवर टिपली. माझी फट अजून शाबूत आहे.

पडलेले वण पुसत नाहीत. औषधाने त्यांची चाल मंदावते, एवढेच. गेल्या पंधरवड्यात चालल्यानंतरचा आकडा दोनदा नव्वदीखाली उतरला. सोमवारी अकोल्याला तपासणी आहे. वही पत्नीने आजच पिशवीत घातली.