पेढे महाराजांना

सेलू माझं माहेर. रेल्वेनं जालना, परतूर सोडलं की आलंच हे कापसाच्या बाजाराचं गाव. यंदा केशवराज बाबासाहेब महाराजांच्या मंदिराच्या पायरीवर शेजारच्या काकू भेटल्या. हातात पेढे. मुलगा दुबईला निघालेला!

“व्हिसा कामाचाच ना, काकू?”

“फिरण्याचा. तिथं गेल्यावर बदलून देतो म्हणतो एजंट.”

माझ्या काळजात धस्स झालं. मैत्रिणींनो, फिरण्याच्या व्हिसावर तिथं काम करणं बेकायदा. सापडलं तर दंड, परत पाठवणी. पगार बुडाला तर दाद मागायचीही चोरी! आपल्या १९८३ च्या कायद्यानं एजंटाला सरकारी नोंदणी लागते. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर आम्ही यादी पाहिली. याचं नाव नव्हतं.

काकू बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, “पेढे महाराजांपुढेच ठेवते. पोरगं घरी आहे, हेच खूप.”