उंबऱ्याच्या अलीकडे

आर्किटेक्चरला प्रवेश घेतला की हातात टेप देतात आणि घरं मोजायला पाठवतात. भिंतीची जाडी, खिडकीची उंची, दोन खांबांमधला खण, सगळं वहीत टिपायचं आणि रात्री जागून शीटवर चढवायचं. अशा सहलींत हिंडताना माझ्या एक गोष्ट लक्षात येत गेली. माणसं घरात राहतात असं आपण म्हणतो खरं, पण भर दिवसा कुठल्याही गावात शिरलं तर ती सापडतात घराच्या काठावर. ओसरीत, पडवीत, ओट्यावर. धड आत नाहीत, धड बाहेर नाहीत.

मालवणकडचं एक घर आठवतं. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं. पुढे सारवलेलं खळं, मग पडवी, मग ओटी, मग माजघर. आत जावं तसा उजेड कमी होत जातो आणि नातं जवळचं होत जातं. पोस्टमन खळ्यात थांबतो, पाहुणा ओटीवर टेकतो, माहेरवाशीण थेट माजघरात शिरते. आम्ही टेप लावून बसलो होतो तेवढ्यात मासेवाली आली. डोक्यावरची पाटी तिने कुणाचा हात न घेता पडवीच्या कठड्यावर उतरवली. घरच्या काकी ताट घेऊन बाहेर आल्या, बांगड्याचे कल्ले उचकटून पाहिले, ‘‘बर्फातले नाय ना गो?’’ म्हणाल्या, आणि भाव तुटेपर्यंत तिच्या सुनेच्या बाळंतपणाचीही चौकशी झाली. मी कठडा मोजला. अडीच फुटांच्या आसपास भरला. भरली पाटी एकटीने उतरवायची तर हीच उंची सोयीची.

कच्छमधल्या बन्नीत भुंगे पाहिले. गोल मातीची भिंत, वर गवताचं निमुळतं छप्पर. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात भूजमधल्या इमारती ढासळल्या, पण नीट बांधलेले बरेचसे भुंगे तगले. गोल भिंतीला कोपराच नाही, त्यामुळे धक्क्याचा जोर एका जागी साठत नाही, आणि डोक्यावर ओझंही हलकं. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत याच्या उलट घडलं होतं. दगडमातीच्या जाड भिंती आणि धाब्याचं वजन झोपेतल्या माणसांवर आलं. हे सगळं वर्गात शिकवतात. तिथे गेल्यावर कळतं ते असं, की भुंगा एकटा नसतो. एकाच उंच ओट्यावर दोन-तीन भुंगे असतात. एकात निजायचं, दुसऱ्यात रांधायचं, आणि दिवस काढायचा तो मधल्या मोकळ्या ओट्यावर. भिंतीवर माती-शेणाची वेलबुट्टी उठवून त्यात आरशांचे तुकडे बसवणाऱ्या बायका तिथेच बसतात, तिथेच भरतकाम करतात.

अहमदाबादच्या पोळांमध्ये, म्हणजे जुन्या मोहल्ल्यांमध्ये, गल्ली अरुंद, घराची रुंदीही बेताची. घर खोल खोल आत जातं. मधे चौक, काही घरांत चौकाखाली पावसाचं पाणी साठवणारं टाकं. इतक्या दाटीतही दर्शनी ओटला कुणी सोडलेला नाही. संध्याकाळी अख्खी पोळ त्या ओटल्यांवर येऊन बसते.

वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी हे नीट पाहिलं असणार. जन्म पुण्यातला, १९२७ चा. घरचा धंदा फर्निचरचा. पुढची हयात गेली अहमदाबादेत. इंदूरला अल्प उत्पन्नाच्या माणसांसाठी त्यांनी ‘अरण्य’ वसाहत आखली, तेव्हा बहुतेकांना तयार घर दिलं नाही. जोतं, संडास आणि पाण्याची सोय दिली. बाकीचं ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचं. पण घर आणि रस्ता यांच्यामध्ये ओट्यासाठी हातभर पट्टा आठवणीने राखून ठेवला. या वसाहतीला १९९५ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला. चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज उभारलं, तिथे सात-सात घरं एका छोट्या चौकाभोवती बसवली. भिंतीला भिंत लावली नाही, म्हणजे वाढवताना शेजाऱ्याशी भांडण नको. आज तिथली कितीतरी मूळ घरं पाडून मजले चढले आहेत. चौक मात्र अजून शाबूत आहेत.

आणि आम्ही काय शिकतो? फ्लॅटचा प्लॅन बसेना की आधी कात्री लागते ती या काठालाच. बाल्कनी हॉलमध्ये जाते. जिन्यासमोर चार दारं एकमेकांकडे पाठ फिरवल्यासारखी बंद. बाहेर चपलांचं कपाट ठेवलं तरी सोसायटीची नोटीस येते. माझ्या शेवटच्या वर्षाच्या डिझाइनमध्ये मी प्रत्येक स्वयंपाकघराची खिडकी जाण्यायेण्याच्या वाटेवर उघडली आणि खिडकीखाली बसता येईल एवढा कट्टा काढला. ज्युरीतले एक सर म्हणाले, ‘‘छान आहे, पण हा एरिया विकणार कुणाला?’’

प्रश्न रास्त होता. जागा महाग आहे आणि पैसे मोजणारा माणूस भिंतीच्या आतलं क्षेत्रफळ मोजतो. पण मालवणच्या त्या कठड्याला कुणी किंमत लावली नव्हती, आणि त्या घरात सर्वांत जास्त वापर त्याचाच होता. काठ नसलेली खोली निवारा होईल. तिचं घर व्हायला शेजारपाजार लागतो, आणि शेजारपाजाराला टेकायला जागा लागते.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा कार्पेट एरिया जरूर विचारा. नंतर दाराबाहेर येऊन उभे राहा. दोन माणसं तिथे बसून वाटाणे सोलू शकतील का, ते पाहा. जागा नसेल तर बिल्डरला तसं स्पष्ट सांगा. गिऱ्हाईक मागायला लागलं तरच आमच्या कागदावर ओटा पुन्हा उमटेल.