भिंतीतला हातोडा

पहाटेचे पाच वाजले की आमच्या पुण्यातील इमारतीच्या भिंतींतून एक घाव घुमे. घाव एकच, पण मांडणीवरील पेले त्याने किणकिणत. त्या वेळी सबंध इमारतीत दिवा लागलेला असे तो फक्त चौथ्या मजल्यावरील परिचारिकाबाईंच्या घरी, कारण त्यांना सकाळपाळीसाठी रुग्णालयात जावयाचे असे. तेवढ्यावरून जिन्यातच निवाडा होऊन गेला : बाई बादली आपटतात! बाईंनी वाद घातला नाही. त्या अनवाणी वावरू लागल्या, बादलीखाली जुन्या लुगड्याची घडी घालू लागल्या. घाव पडावयाचा तो पडतच राहिला, आणि जिन्यात त्यांच्याशी बोलणारी माणसे कमी कमी होत गेली.

नळीतला आवाज मोठा लबाड असतो. पाण्यातून तो सेकंदाला सुमारे १४८० मीटर धावतो, पोलादातून तर त्याच्या तिपटीहूनही वेगाने. त्यामुळे तो तळाशी जन्मला तरी ज्याला त्याला आपल्याच डोक्यावरचा वाटतो.

शेवटी एका वृद्ध प्लंबरला बोलावले. त्याने कोणाचीच फिर्याद ऐकली नाही. रखवालदाराकडून तो पंप पुनःपुन्हा चालू-बंद करवी, लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक नळीला टेकवी, मूठ कानाशी धरी आणि एकेक मजला खाली उतरे. पंपापाशी येऊन तो थांबला.

दोष पंपाजवळच्या झडपेचा होता. वर चढणारे पाणी मागे फिरू नये म्हणून पंप थांबताच ती मिटावी लागते. ही झिजल्यामुळे उशिरा मिटे. तोवर गच्चीवरील टाकीकडे निघालेले पाणी माघारी वळून वेग घेई आणि झडप खाडकन बंद होताच जागच्या जागी अडे. धावत्या मुलांच्या रांगेत पहिला एकाएकी थबकला की मागचे त्याच्यावर आदळतात, तसेच हे. सेकंदाला एकच मीटर वेगाने वाहणारे पाणी पोलादी नळीत असे क्षणात अडविले, तर तेथील दाब हवेच्या दाबाच्या दहापटीने वाढू शकतो. निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने मॉस्कोत प्रयोग करून याचे गणित १८९८ मध्ये मांडले. आमच्या जिन्याला मात्र बादलीचे गणित अधिक सोपे वाटले होते! वास्तविक पंप सायंकाळीही चाले. पण तेव्हाचा घाव रस्त्याच्या गोंगाटात बुडून जाई.

स्प्रिंगची नवी झडप बसली, सैल नळ्या रबर घालून आवळल्या गेल्या. दुसऱ्या दिवशी पाच वाजून गेले तरी भिंत गप्प होती. निवाडा देणाऱ्यांपैकी दोघांनी बाईंची क्षमा मागितली. बाकीच्यांनी प्लंबरच्या मजुरीवरून घासाघीस केली. लुगड्याची घडी बाईंनी अजून काढलेली नाही.